पद अकरावे, चाल बाराव्याची

पहिल्याच दिवशी ‘सगोत्र’ने मला एकच पद एक्केचाळीस गायिकांच्या आवाजात ऐकवलं आणि एक्केचाळीस वेळा मला काहीही झालं नाही.

सगोत्र हे यंत्राचं नाव. आमच्याकडे सगोत्र निघालं की ठरत आलेलं लग्न मोडतं. कोल्हापूरच्या ध्वनिस्मृती केंद्रात मात्र सगोत्र निघालं की सगळ्यांचे चेहरे फुलायचे. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, कपाळाला मऊ कापडी पट्टा, मनगटाला आणखी एक. समोरच्या पडद्यावर माझ्या काळजाची, कातडीची आणि मेंदूची रेघ. पद ऐकताना तिन्ही रेघा सरळ चालल्या होत्या, जशा सरकारी कागदावर आखलेल्या असतात.

“काका, काहीच नाही वाटलं?” डॉक्टर मुजावरांनी विचारलं. तबस्सुम मुजावर, वय चाळीसच्या आसपास, घराणं मिरजेच्या सतारी बनवणाऱ्यांचं. वडिलांनी भोपळे तासले, मी मेंदू तासते, असं त्या स्वतःच सांगायच्या.

“सतरा नंबरच्या बाई बऱ्या गायल्या,” मी म्हणालो. “पण त्यांनी ‘असशी’चा ‘अससी’ केला.”

माझी मुलगी आसावरी दाराशी उभी होती. तिने कपाळावर हात मारला.

ती बिचारी काय करणार? मला इथे तिनेच आणलं होतं. तिची आई, म्हणजे माझी बायको शुभदा, जाऊन दोन वर्षं झाली होती. स्वादुपिंडाचा कर्करोग, निदानापासून नव्वद दिवस. त्या नव्वद दिवसांत मी रडलो नाही आणि नंतरही नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. आत काही हललंच नाही. जेवणाला चव लागायची, पण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी जिभेला लागतेय असं वाटायचं. तेराव्याच्या दिवशी शुभदाची थोरली बहीण, निपाणीच्या अक्का, पंगतीतून उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “यशवंतराव, माझ्या बहिणीसाठी डोळ्याला टिपूस नाही की हो तुमच्या. चाळीस वर्षं काय भाड्यानं राहत होता काय तिच्यासंगं?” आणि गोडाचं न जेवता निघून गेल्या. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला तरी काहीतरी हलावं लागतं.

मग आसावरीने कुठेतरी वाचलं, की असं गोठलेलं दुःख सैल करायला आवडतं गाणं उपयोगी पडतं. ते ऐकून ऐकून बोथट झालं असेल तर त्याच्या नात्यातली दुसरी गाणी शोधून देतात. अनोळखी असूनही ओळखीची वाटणारी गाणी आत शिरतात म्हणे. तिने मला विचारलं, “बाबा, तुझं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं?” मी म्हणालो, “तुझी आई म्हणायची ते. कांचनमेखलेतलं.”

आता ते पद आणि त्याची भानगड सांगायला हवी.

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, की प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात एक ओळ असते: ‘चाल – अमुक तमुक’. म्हणजे हे पद त्या आधीच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं. स्वरलिपी नाही, ताल नाही. ते आधीचं गाणं सगळ्यांना येतंच, अशी त्या काळच्या लोकांची खात्री. ‘संगीत कांचनमेखला’ हे असंच एक विसरलेलं नाटक; त्यातलं अकरावं पद तेवढं पुढे मूळ चालीवर मैफिलींत गाजलं. त्याचं पुनर्मुद्रण सांगलीच्या छापखान्यात झालं तेव्हा मी तिथे मुद्रितशोधक होतो. अकरावं पद नायिकेच्या विरहाचं, ‘नच दिसशी तरि असशी जवळी’. त्याची चाल एका ठुमरीची. बारावं पद दासीच्या थट्टेचं; त्याची चाल ‘हळद कुटती जावाजावा’. छापताना दोन्ही चालींच्या ओळींची अदलाबदल झाली. शेवटचं प्रूफ मी वाचलं होतं. त्या पानावर मी एक अनुस्वार आणि दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, आणि चूक जशीच्या तशी पुढे पाठवली.

चार महिन्यांनी जयसिंगपूरच्या शाळेतली एक शिक्षिका ते पुस्तक घेऊन छापखान्यात आली.

“इथे मुद्रितशोधक कोण आहे?”

“मी.”

“माझ्या नायिकेला तुम्ही हळद कुटायला लावलीत.”

तिने पुस्तकावर विश्वास ठेवून शाळेच्या मुलींना विरहाचं पद कुटणीच्या चालीवर बसवून दिलं होतं. नायिका डोळे पुसत होती आणि गाणं मुसळ मारत होतं. स्पर्धेचे परीक्षक हसून हसून लोळले. तिचा राग खरा होता. मी माफी मागितली, चहा मागवला, आणि वर्षभरात आमचं लग्न झालं.

पण गंमत पुढेच आहे. शुभदाला ती हळदीची चाल माहेरची म्हणून पाठ होती. मला चिडवायला ती अकरावं पद घरात त्याच चालीवर म्हणायची. हळूहळू त्यातली थट्टा गेली. कुटणीचा ठेका गळून गेला, चाल संथ झाली, आणि ते विरहाचं पद असं काही होऊन बसलं की मूळ ठुमरीच्या चालीवर ऐकलं तर मलाच ते चुकीचं वाटायचं. कणीक मळताना, वह्या तपासताना, गच्चीत कपडे वाळत घालताना ती ते म्हणायची. मोबाइल समोर धरला की गप्प. “घरातलं आहे, घरात राहू दे.” आसावरीने एकदा चोरून रेकॉर्ड केलं, तर त्यात नुसता कुकर ऐकू येतो.

म्हणजे माझं आवडतं गाणं जगात एकच बाई म्हणत होती. हळदीचं गाणं केंद्राकडे होतं, पण त्याचीही चाल तिची नव्हती. ते एक्केचाळीस गायिकांकडे कुठून सापडणार?

हे ऐकल्यावर डॉक्टर मुजावर खुर्चीत पुढे सरकल्या. “अरे वा! मग आपण उलट्या बाजूनं जाऊ. गाणं तुमच्या डोक्यात आहे ना? तिथूनच घेऊ.”

त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. माणूस गाणं ऐकतो तेव्हा मेंदूचा एक भाग स्वरांबरोबर वरखाली होतो. नुसतं मनात आणलं तरी तोच भाग तसाच हलतो, फक्त फिकट. पट्टा ती फिकट हालचाल टिपतो. त्यातून स्वर कळत नाहीत, आवाज तर मुळीच नाही. चाल कुठे चढली, कुठे उतरली, कुठे रेंगाळली एवढी धुरकट रेघ मिळते. मग सगोत्र ती रेघ आपल्याकडच्या कोट्यवधी गाण्यांच्या रेघांवर ठेवून पाहतं. शब्द, भाषा, वाद्यं, गायकाचं नाव सगळं बाजूला, फक्त चाल. दोन चालींमधलं साम्य ते शेकड्यात सांगतं. शंभर म्हणजे तेच गाणं.

“मुलीच्या डोक्यातून घेऊ या का? तिनंही ऐकलंय,” मी विचारलं.

आसावरीला पट्टा लावून पाहिला. तिची रेघ म्हणजे नुसता गुंता. “ऐकली तर मी झोपेतही ओळखीन,” ती म्हणाली, “पण मनात आणायला गेले की निसटते.” ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, असं डॉक्टर म्हणाल्या. मग उरलो मी.

मी डोळे मिटले. गच्ची, ओले कपडे, शुभदाची पाठ. पद मनात सुरू झालं. स्वच्छ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आत काही हललं नाही, पण चाल होती, हे मी शपथेवर सांगतो.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जवळचं गाणं अडतीस टक्क्यांवर निघालं. कारवारकडच्या कोळणींचं. मी ते दहा वेळा ऐकलं, मग पुन्हा मनात शुभदाचं पद आणलं, पुन्हा रेघ काढली. पद्धतच तशी होती: ऐका, आठवा, ऐका, आठवा, दर फेरीला रेघ अधिक ठळक होते म्हणून. पुढच्या मंगळवारी बावन्न टक्के, सोलापूरच्या कुणा बाईंनी म्हटलेला पाळणा. त्यानंतर कन्नड रंगभूमीवरचं एक पद, एकाहत्तर. आसावरी दर मंगळवारी रजा काढून मला आणायची आणि बाहेर बाकावर बसून ऑफिसचं काम करायची. टक्के वाढले की घरी जाताना मला मिसळ खायला घालायची. आमच्यात दोन वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. मला बरं वाटायला लागलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. एकदा आंघोळ करताना मी गुणगुणतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि मी चक्क दचकलो.

नवव्या मंगळवारी सगोत्रने त्र्याण्णव टक्के दाखवले.

गाणं माळव्यातलं होतं. जुन्या तबकडीवरचं, गाणाऱ्या बाईचं नाव पुसलेलं. पहिली ओळ संपली. पडद्यावरची रेघ उठली. काळजाचीही, कातडीचीही. डॉक्टर मुजावर उभ्याच राहिल्या. “काका! दिसतंय का?”

मला दिसत होतं. मी म्हणालो, “हीच. हीच चाल. आसावरीला बोलवा.”

आसावरी धावत आली. गाणं पुन्हा लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच मान हलवली.

“बाबा, ही नाही.”

“अगं, हीच.”

“नाही रे. ‘जवळी’च्या जागी ही बाई वर जातेय. आई वर जायची नाही. आई ‘जवळी’ला खाली यायची. अगदी खाली, आवाज बसल्यासारखी. लहानपणी मला वाटायचं, तिचा श्वास संपला.”

मी मनात पद म्हणून पाहिलं. नच दिसशी तरि असशी जवळी. वर गेलं. पुन्हा म्हटलं. वरच गेलं. गच्ची तीच, कपडे तेच, शुभदाची पाठ तीच, आणि ती वर जात होती.

डॉक्टर मुजावरांनी माझी पहिल्या आठवड्याची रेघ काढली आणि आजच्या रेघेवर ठेवली. पहिल्या रेघेत त्या जागी उतार होता. फिकट, पण स्पष्ट. आजच्या रेघेत चढ. मग त्यांनी मधल्या सात आठवड्यांच्या रेघा एकामागून एक ठेवल्या. उतार दर मंगळवारी थोडा थोडा उचलला गेला होता.

“यंत्र जवळ आलं नाही, काका,” त्या हळू म्हणाल्या. “तुम्ही त्याच्याकडे सरकलात.”

आठवण म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे, असं त्यांनी सांगितलं. ती बाहेर काढली की थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते आणि मग पुन्हा घट्ट बसते. त्या मऊ वेळात जे कानावर पडेल ते तिच्यात मिसळतं. अगदी वेगळं गाणं असेल तर धोका नाही. मेंदू ते वेगळं ठेवतो. धोका सारख्या गाण्यांचा. जेवढं सारखं, तेवढं बेमालूम मिसळणार. आम्ही नऊ आठवडे दर फेरीला आठवण मऊ केली आणि तिच्यावर तिच्याच चेहऱ्याची परकी गाणी ओतली.

“हे आम्ही संमतिपत्रात लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “नववं कलम. इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं. कुणाचंच आजवर झालं नाही. सगळ्यांकडे मूळ रेकॉर्डिंग असतं.”

“वाचलंय मी,” मी म्हणालो. “‘पुनर्दृढीकरण’मध्ये ‘दृ’चा ‘द्रु’ छापला होता. मी पेनाने दुरुस्त करून दिला होता.”

त्या कलमाचा अर्थ मी वाचलाच नव्हता. पन्नास वर्षांची सवय. अक्षर बघायचं, ओळ बघायची, आणि मजकूर पुढच्या माणसाकडे जाऊ द्यायचा.

आसावरी खिडकीकडे तोंड करून उभी होती. “मीच आणलं तुला,” एवढंच म्हणाली.

पहिल्या रेघेवरून चाल परत बांधता येईना. धुरकट चढउतारांतून स्वर निघत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, आता सारखी गाणी पूर्ण बंद. खाली जुनी चाल अजून असेलही. खरी चाल एकदा कानावर पडली तर ती कदाचित उठून बसेल. कदाचित. “मॅडमना ती चाल कुणाकडून आली होती?”

“तिच्या आईकडून.”

“मग आणखी कुणाला येते?”

“निपाणीच्या मावशीला,” आसावरी म्हणाली.

निपाणीला जायचं मी दोन आठवडे टाळलं. अक्कांसमोर कोरड्या डोळ्यांनी पुन्हा बसायची माझी तयारी नव्हती. शेवटी आसावरी म्हणाली, “बाबा, ती ब्याऐंशीची आहे,” आणि मी पिशवी भरली. गाडी विनाचालक एस.टी. होती. ड्रायव्हर गेले, पण कंडक्टर अजून आहेत. सुट्या पैशांवरून ओरडायला माणूसच लागतो. सगळ्या वाटेवर मी मनात पद आणलं नाही. आणायची भीती वाटत होती.

अक्कांनी दार उघडलं. कानात यंत्र, अंगात स्वेटर, नजर तीच.

“आलाय काय. बसा की,” मला म्हणाल्या, आणि आसावरीला जवळ ओढून तिचा गालगुच्चा घेतला. “आसू, किती वाळलीस ग.”

चहा झाला. बोलणं सगळं मावशी-भाचीचं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो; त्यात चतुर्थीच्या चौकटीत जोडाक्षर फुटलं होतं. मग आसावरीने मला कोपराने ढोसलं.

“अक्का,” मी म्हणालो, “हळद कुटती जावाजावा. तुम्हाला येतं का?”

“न यायला काय झालं?”

“शुभदा नाटकातलं पद त्या चालीवर म्हणायची. मला ती चाल हवी आहे. माझ्याजवळ होती, ती गेली.”

अक्का पुढे झुकल्या. “गेली म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. यंत्र, मंगळवार, माळव्यातली बाई. काही लपवलं नाही. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक.

“त्या यंत्राला सापडायची न्हवती ती,” अक्का म्हणाल्या. “गावात सगळ्या बायका वेगळ्या चालीवर म्हणतात. ही आमच्या आईनं स्वतः मोडून घेतलेली. आम्हा दोघींशिवाय कुणाला येत नाही. आता एकटीलाच.” मग थोड्या नरम होऊन म्हणाल्या, “दम पुरत न्हाई बघा मला. मुसळासारखं जोरात होणार न्हाई. सावकाश म्हणते.”

त्यांनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

आवाज फाटका होता. शब्द हळदीचे, जावांचे, सासूच्या कुरकुरीचे. पण दुसऱ्या ओळीलाच आसावरीच्या तोंडून “आई” असा शब्द निघाला आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिचे खांदे हलायला लागले. तिला क्षणाचाही संशय नव्हता. चाल पुढे गेली, जिथे ‘जवळी’ यायचं त्या जागी आली, आणि खाली उतरली. अगदी खाली, श्वास संपल्यासारखी.

मी वाट पाहिली. आतलं काहीतरी उठून बसेल, हात वर करून म्हणेल, ही माझी. मी कान देऊन ऐकत होतो, एवढं लक्ष मी आयुष्यात कुठल्या प्रुफालाही दिलं नसेल. चांगली चाल होती. साधी, थोडी उदास. एका म्हाताऱ्या बाईची, तिच्या आईची. मी ती आधी कधी ऐकलेली नव्हती.

चाळीस वर्षं शुभदा माझ्या घरात हे गात होती आणि मला ओळखू येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आधी मला कळलंच नाही. चष्म्याची काच धूसर झाली म्हणून मी ती पुसली, तर हात ओला झाला. मग छातीतून असा काही आवाज निघाला की मलाच त्याची लाज वाटली. दवाखान्यात गेली नव्हती, स्मशानात गेली नव्हती, तेराव्यालाही गेली नव्हती. शुभदा आत्ता गेली, निपाणीत, दुपारी साडेतीन वाजता, आणि मला ते सहन होत नव्हतं.

अक्का गायच्या थांबल्या. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“ओळखलीत न्हवं?” त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. “मी मेली त्या दिवशी काय काय बोलून गेले तुम्हाला. मनात ठेवू नका यशवंतराव. माझ्या शुभीचं माणूस आहात तुम्ही.”

आसावरी जमिनीवर बसून माझ्या गुडघ्यांना मिठी मारून रडत होती आणि हसत होती. “सापडली, बाबा. सापडली ना? हीच ना?”

तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. नऊ मंगळवार बाकावर बसलेली माझी मुलगी.

“हो,” मी म्हणालो. “हीच.”

अक्कांनी पदराने नाक पुसलं, पाणी प्यायल्या आणि पुन्हा खुर्चीत टेकल्या. “अजून एकदा म्हणू?”

“म्हणा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मी ती चाल दुसऱ्यांदा ऐकली.